वहिनीचं स्वतःचं पान

माझी वहिनी पंधरा वर्षं माहितीपुस्तिका लिहीत होती. रक्तदाब मोजायचं यंत्र, वाफ घ्यायचं यंत्र अशा वस्तूंच्या खोक्यात तळाशी जी घडी घातलेली चोपडी असते ना, ती. लोक ती न उघडताच टाकून देतात आणि यंत्र अडलं की घरभर शोधत बसतात. तिच्यावर लिहिणाऱ्याचं नाव नसतं.

मग कंपनीनं तो विभागच बंद केला. वहिनी मुलाखतींना जाऊ लागली. जाईल तिथे एकच मागणी, "कामाचे नमुने दाखवा." नमुने कंपनीच्या मालकीचे, दाखवायचे कुठून? ती हात हलवत परत यायची आणि "बघू" एवढंच म्हणायची.

मी वेबसाइट बनवायचं काम करते. एका रविवारी जेवणं झाल्यावर मी टेबल पुसलं आणि तिच्यापुढे लॅपटॉप ठेवला.

"वहिनी, नवे नमुने लिही. आपण तुझी साइट करू. स्टॅटिक साइट जनरेटर म्हणून एक प्रकार असतो. तू साध्या फाइलींत मजकूर लिहायचा, एक कमांड द्यायची, की तो सगळी पानं तयार करून देतो. ती नेटवर चढवली की झालं."

"म्हणजे कापड माझं, शिलाई त्याची?"

"अगदी."

"आणि बिघडलं तर उसवायचं कुणी?"

"तूच!"

उसवायची वेळ लगेच आली. पहिली कमांड दिली, तर पान कोरं करकरीत. मी पुढे सरसावले, तर तिनं माझा हात बाजूला केला. जनरेटरची माहिती उघडून, ओळीओळीवर बोट ठेवत ती शोधत गेली. फाइलीच्या सुरुवातीला शीर्षकाखाली तीन आडव्या रेघा लागतात, त्यातली एक राहिली होती.

"हे ठळक करून सांगायला नको का?" ती करवादली. कितीतरी दिवसांनी तिचा तो कामातला आवाज ऐकला आणि मला बरं वाटलं.

नमुन्यासाठी तिनं बाबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, कानाचं यंत्र निवडलं. ते कपाटात पडून होतं. बाबांना ते घालता येत नव्हतं आणि तसं कबूलही करायचं नव्हतं.

"बाबा, माझं लिखाण तपासायला माणूस हवाय," वहिनी त्यांच्या कानाशी मोठ्यानं म्हणाली. "अडाल तिथे मला रागवा."

ही नेमणूक बाबांना भलतीच आवडली. "'हलकेच दाबा' म्हणजे किती?" ते कडाडले. वहिनीनं खोडून लिहिलं, 'मिटलेल्या पापणीवर बोट टेकवाल, तेवढ्याच जोरानं.' असं करत करत यंत्र एकदाचं कानात बसलं.

बाबांनी आमच्याकडे पाहिलं. "ओरडताय कशाला दोघी?"

'माझ्याबद्दल' हे पान मात्र अडून बसलं. तिनं लिहिलं होतं, 'येथे सूचना लिहिल्या जातात.'

"कोण लिहितं?" मी विचारलं.

"लेखक."

"लेखक कोण?"

"अगं, पुस्तिकेत 'मी' लिहायचाच नसतो. सवयच गेली."

कर्सर नुसता लुकलुकत राहिला. मग तिनं सावकाश टाइप केलं, 'मी सूचना लिहिते. वाचणारा चुकला, तर माझं वाक्य चुकलं असं मी धरते.'

"जास्त झालं का गं?"

मी मान हलवून नाही म्हटलं.

साइट झाल्यावरही दोन ठिकाणी नकारच आला. पुढच्या मुलाखतीत तिथल्या बाईंनी पान उघडलं आणि यंत्र घातलेल्या बाबांच्या फोटोवर थांबल्या. "हे आजोबा खरे आहेत?"

"सासरे आहेत माझे."

"त्यांची परवानगी घेतलीत ना?"

"त्यांनी फोटोसाठी खास दाढी केली!"

बाई खळखळून हसल्या आणि मग तासभर कामाचंच बोलल्या.

त्या दुपारी वहिनी घरी आली, चप्पल न काढताच पलंगावर बसली आणि रडू लागली. दादा घाबरून धावत आला.

"नाही झालं का गं?"

"झालं."

"मग?"

"मग काय? रडू दे ना जरा."

दादा तिच्याशेजारी बसला आणि वाकून तिच्या चपलेचा बंद सोडू लागला.