दोन ताऱ्यांचं बिरडं

बायकोला मी सगळं सांगतो. न विचारता सांगतो, ती कंटाळेपर्यंत सांगतो — पण हे तिलाही कधी सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय. का, ते विचारू नका. पोटात राहीना झालंय, एवढंच. आणि गोष्टही पोटाचीच आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

मी फ्रिज दुरुस्त करतो. राहायला पेणला, आणि पेणपासून रोह्यापर्यंत जेवढी हॉटेलं, खानावळी, आइस्क्रीमची दुकानं, त्यातल्या बहुतेकांचे फ्रिज कधी ना कधी माझ्या हाताखालून गेलेत. आता सांगा, ज्याचं कामच दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरात, तो उपाशी कसा राहील? गॅस भरून होईस्तोवर समोर बशी आलेली असते. पेणला स्टँडच्या मागे एक मिसळ मिळते — अहाहा! तर्री अशी, की पहिल्या घासाला कान गरम होतात आणि तरी हात पावाकडे जातो. गडबला हायवेच्या कडेला एक बाई कांदाभजी काढते, ती गार झाली तरी कुरकुरीत. कशी राहते देव जाणे. मी ती हेल्मेट न काढता खाल्ली आहे. नागोठण्याला एका घरगुती खानावळीत जवळ्याची चटणी असते, तिच्यावर नुसता भात खाऊन मी उठलोय आणि आमटी तशीच राहिली म्हणून शिव्याही खाल्ल्यात.

हे सगळं मी फोनवर लिहायला लागलो. नकाशावर हॉटेलाच्या नावाखाली तारे द्यायचे असतात ना, तिथे. नाव घेतलं 'खादाड पेणकर'. खरं नाव कशाला सांगायचं, उद्या कोणी फ्रिज दुरुस्तीला बोलवायचा नाही! आणि काय सांगू, लोक वाचायला लागले. रोह्याच्या एका चहावाल्याने माझं लिहिलेलं छापून भिंतीवर लावलं, आणि मीच त्याच्यासमोर चहा पीत बसलेला. काय मजा वाटली म्हणून सांगू! कोणीतरी आपलं ऐकतंय — या गोष्टीची नशा असते. मला ती चढली होती, हे आधीच सांगून ठेवतो.

माझं एक ठरलेलं वाक्य होतं. कुठेही वालाचं बिरडं खाल्लं, की शेवटी लिहायचो, 'छान आहे, पण माझ्या आईच्या बिरड्याची सर नाही.' आमच्याकडे वालाला किती मान आहे, हे तुम्हाला ठाऊक असेल. भात कापला की त्याच शेतात वाल. कडवे वाल. ते भिजवा, फडक्यात बांधून मोड आणा, कोमट पाण्यात टाकून एकेक सोला — बाईचा हात कसा आहे, ते बिरड्यावरून ठरतं. आईचं बिरडं आमच्या सगळ्या नात्यात नावाजलेलं. वालाचं पाणी तीनदा बदलायची, कडवटपणा पार काढायची आणि वरून गुळाचा चांगला खडा. गोडसर, मऊ. त्यावर मी वाढलो.

मग तो दिवस आला. आईला घेऊन मावशीकडे रोह्याला गेलो, तर मावशीच्या दाराला कुलूप. आधी फोन करायचा असतो, हे आम्हा दोघांनाही सुचलं नव्हतं. पोटात कावळे ओरडत होते. आई बाहेरचं खात नाही, पण त्या दिवशी इलाज नव्हता. स्टेशनच्या रस्त्याला एका घराच्या पडवीत खानावळ होती, चार टेबलं. रंजनाताई म्हणून बाई चालवते. ताटात तांदळाची भाकरी आली, आणि बिरडं.

पहिला घास घेतला आणि — कसं सांगू? मी भाकरी हातात धरून तसाच बसलो. कडू होतं! म्हणजे वाईट कडू नाही हो. आधी ओल्या खोबऱ्याचा गोडवा, मग लसूण, मग आमसुलाचं आंबट, आणि सगळं गेल्यावर जिभेच्या मागे वालाची ती एक कडवट चव — जी पुढचा घास मागते. गूळ नावाला नाही. तेव्हा मला कळलं, वालाला वालाची चव असते! इतकी वर्षं मी गूळ खात होतो. मला टेबलावर हात आपटून ओरडावंसं वाटत होतं.

आईकडे पाहिलं. ती खाली मान घालून जेवत होती. मग तिने रंजनाताईला विचारलं, "वाल कुठचे गो?"

"आमच्याच शेतातले, काकी. घ्या ना अजून."

आईने घेतलं. दोनदा घेतलं. परतीच्या गाडीत ती खिडकीबाहेर बघत राहिली. निडी स्टेशनात गाडी बराच वेळ उभी होती, तेव्हा एवढंच म्हणाली, "वाल चांगले होते." मी मनाशी ठरवलं — आई दुखावली. तिच्या नावाचा पदार्थ, आणि तो दुसऱ्या कोणीतरी तिच्या देखत तिच्याहून चांगला करून वाढला.

घरी येऊन मी लिहिलं. आता नीट ऐका, मी काय लिहिलं ते. 'बिरडं कडू. वालाचं पाणी बदलायचा कंटाळा केलेला दिसतो. निदान गुळाचा खडा तरी टाकायचा. माझ्या आईच्या बिरड्याची सर नाही.' पाचपैकी दोन तारे.

आमच्या भागात बिरडं करणाऱ्या बाईला 'कंटाळा केला' म्हणणं म्हणजे काय, हे मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. म्हणूनच लिहिलं. ते आईला वाचूनही दाखवलं. ती म्हणाली, "असं लिवतात व्हय?" आणि भाजी निवडायला बसली.

आईसाठी केलं, असं मी बरेच दिवस मनात म्हणत आलो. पण ते अर्धंच खरं. लोकांनी त्या लिहिण्यावर टाळ्या वाजवल्या, 'आईचा लेक' म्हणून कौतुक केलं, आणि मी ते चाटून पुसून घेतलं. एवढी वर्षं जे वाक्य मिरवलं, ते गिळायची माझी तयारी नव्हती. तेव्हा आपला तो बाब्या केला, आणि दुसरीचं ते कार्टं.

पुढे बऱ्याच महिन्यांनी रंजनाताईचा फ्रिज बिघडला आणि तिने नेमकं मलाच बोलावलं. मी तर उड्या मारत गेलो! फ्रिज गेला खड्ड्यात, मला ते बिरडं हवं होतं. तिने मला ओळखलं — खादाड पेणकर म्हणून नाही, त्या काकींचा मुलगा म्हणून. "दोनदा मागून घेतलं होतं त्यांनी. माझ्या लक्षात हाय." आणि ताट वाढलं. मी मोठा घास घेतला.

गोड. मऊ, गोड, कडवटपणाचा मागमूस नाही.

मी विचारायच्या आधीच ती सांगायला लागली. "बदललं मी. कोणीतरी मोबाईलवर लिवलं, कंटाळा केला म्हणून. दोन दिवस जेवण नाय गेलं मला. माझ्या सासूची रीत होती ती, मी तशीच करत होते. पण चार माणसं वाचतात ना, दादा. आता तीनदा पाणी बदलते, गूळ घालते. बरं लागतं ना?"

तेव्हा काय करायला हवं होतं, ते तुम्हालाही कळतंय आणि मलाही कळत होतं. तोंडात घास होता. मी म्हणालो, "झकास."

घरी जाऊन मला वाटलं, भरपाई करू. दोनाचे पाच तारे केले. लिहिलं, 'आता जमलं!' त्या रात्री मला शांत झोप लागली, हेही सांगायला पाहिजे.

यंदा थंडीत आई आजारी पडली. बरी झाली, पण तोंडाची चवच गेली. पेज नको, भात नको, काही नको. सून विचारून थकली. एका दुपारी मला जवळ बोलावून म्हणाली, "ते रोह्याला खाल्लेलं बिरडं आणशील काय रे? ती माझ्यापेक्षा चांगलं करते. तेव्हाच सांगणार होते तुला, गाडीत. पण तू लगेच लिवून मोकळा झालास, मग म्हटलं जाऊ दे."

मला काय झालं ते सांगता येणार नाही. पण आईला काहीतरी खावंसं वाटतंय! मी डबा घेतला आणि गाडीला किक मारली. रस्ताभर वाक्य जुळवत होतो — ताई, आज जुन्या रीतीने करा, सासूबाईंच्या, गूळ नको. वाटलं तर सगळंच सांगून टाकू, त्यात काय? एक उतावीळ आनंद झाला होता मला. सगळं एका दमात निस्तरेल, आई जेवेल, रंजनाताईला तिची रीत परत मिळेल!

रंजनाताईने मला बघितलं आणि हसत फोनच पुढे केला. "बघा दादा, त्याच माणसाने पाच तारे दिलेत. आता जमलं म्हणतो. आता यात काय बदल करायची नाय मी."

मी वाचल्यासारखं केलं. "वा," म्हणालो. "काकींसाठी हाय व्हय?" म्हणत तिने काठोकाठ डबा भरला आणि पैसे घेतले नाहीत.

आई उठून बसली होती. केसही विंचरून घेतले होते तिने. मी वाटीत वाढलं. तिने घास घेतला, थोडा वेळ तोंडात घोळवला आणि चमचा खाली ठेवला.

"हे तर माझ्यासारखंच हाय रे," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून विचारलं, "ती भेटली नाय काय? दुसरीकडून आणलंस व्हय?"

मी हो म्हणालो.