विहिरीतले पारवे कुठे गेले

मी बदनापूरला घरीच शिवणकाम करते. ब्लाऊजला हुक लावताना, साडीला फॉल लावताना हात चालू असतात आणि डोकं मोकळं असतं. त्या मोकळ्या डोक्यात काहीही येतं. पीठ तेच, तवा तोच, तरी एक भाकरी टम्म फुगते आणि पुढची पडूनच राहते, ते का? मांजर कुठूनही पडलं तरी पायावरच कसं उतरतं? लहानपणी असलं काही विचारलं की आई म्हणायची, "तुला कामं कमी हायेत." नवऱ्याला विचारावं तर तो जालन्याहून संध्याकाळच्या गाडीनं दमून येतो. मग माझ्याकडे कपडे शिवायला टाकणाऱ्या एका बाईनं मला फोनवरच्या एका गटात घातलं. तिथं अशाच रिकाम्या शंका विचारायच्या आणि ज्याला माहीत असेल त्यानं सांगायचं. कुठले कुठले लोक होते. कुणी कुणाला ओळखत नव्हतं. निम्मी उत्तरं थट्टेची यायची, पण उरलेल्यांत एखादं असं यायचं की मशीन थांबवून वाचावं.

गेल्या उन्हाळ्याच्या शेवटी मी माहेरी गेले होते. माहेर घनसावंगीच्या पुढं, गोदेच्या अंगाला. शेत दादा आणि वहिनी बघतात. आमच्या रानात एक जुनी विहीर आहे, दगडी बांधणीची, चांगली खोल. बोअर घेतल्यापासून तिच्याकडं कुणी फारसं फिरकत नाही. कडेला उसाचं पाचट, सोयाबीनचं भुसकट पडायचं, वाऱ्यानं आत जायचं, कधी मुद्दामही ढकललं जायचं. तळाशी थोडं पाणी आणि गाळ. पण तिच्या कपारीत पारवे होते. माझ्या आठवणीत ती विहीर कधीच गप्प नव्हती. काठावर उभं राहिलं की आतून घुमण्याचा आवाज यायचा, टाळी वाजवली की सगळा थवा फडफडत अंगावरून वर जायचा.

त्या संध्याकाळी वहिनी रानातून शेळी आणायला निघाल्या, तशी मीही गेले. काठावर जाऊन टाळी वाजवली. काहीच झालं नाही. पुन्हा वाजवली. माझ्याच टाळीचा आवाज खालून परत आला.

"वहिनी, पारवे कुठं गेले?"

"न्हाई बाई, दिसंनातच. आठ-पंधरा दिस झाले असतील." त्यांचं लक्ष शेळीकडं होतं. "गेले असतील कुठं दाण्याला."

आभाळ भरून आलं होतं पण वारा अजिबात नव्हता. अंगाला घाम चिकटत होता. घरी आल्यावर मी गटावर लिहिलं, "आमच्या जुन्या विहिरीतले पारवे एकाएकी निघून गेले. का गेले असतील? उद्या विहिरीतला गाळ काढायचा आहे, नंतर परत येतील का?" लिहून फोन ठेवून दिला आणि भाकरी करायला बसले.

गाळाचं दादा दुपारी जेवताना बोललाच होता. पाऊस पडायच्या आत विहीर साफ करायची, म्हणजे बोअरचं पाणी तिच्यात साठवता येईल. आमचा चुलतभाऊ ट्रॅक्टर घेऊन येणार होता. तो दादापेक्षा लहान, मागच्याच आळीत राहतो. "आधी मी उतरून बघतो, गाळ किती हाय ते," दादा म्हणाला, "मंग माणसं सांगू."

सकाळी चहा घेऊन मी निघाले. घनसावंगीला काळीपिवळी मिळाली, अंबडकडं जाणारी. मागच्या बाकावर चेंगरून बसले. गाडी गावाबाहेर पडल्यावर सहज फोन काढला.

पारव्यांवर बरीच उत्तरं आली होती. एकानं लिहिलं होतं, पारवे पोरांच्या शिक्षणासाठी शहरात गेले. कुणी म्हणे साप असेल, कुणी म्हणे घुबड. मला हसू येत होतं. त्यांच्या खाली एका बाईचं लिहिणं होतं.

"ताई, विहिरीत कुणी उतरणार आहे का?"

मी उत्तर दिलं नव्हतं, म्हणून तिनं पुन्हा लिहिलं होतं. "विहिरीत काही कुजतंय का? पाला, भुसा? सांगा." त्याखाली आणखी एकदा. "ताई, वाचलं की आधी सगळ्यांना थांबवा. कुणालाही उतरू देऊ नका. असल्या विहिरीत तळाला हवा नसते, वायू साठतो. दिवा सोडून बघा, विझेल. आणि कुणी उतरून खाली पडलंच, तर त्याला काढायला दुसऱ्याला जाऊ देऊ नका. हात जोडते."

मी ते पुन्हा वाचलं. पण खरं सांगायचं तर पहिल्यांदा मनात आलं ते असं की लोक काहीही लिहितात. ती विहीर आमच्या आजोबांच्या आधीपासूनची. दादा लहानपणी तिच्यात पोहायला शिकला. दादाला काय सांगू, कुण्या अनोळखी बाईनं हात जोडलेत म्हणून उतरू नको? मी फोन ठेवायला लागले. तेवढ्यात तिचं ते शेवटचं वाक्य पुन्हा डोळ्यांपुढं आलं आणि मी दादाला फोन लावला.

रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. तो रानात जाताना फोन ओट्यावर चार्जिंगला लावून जातो, हे मला माहीत होतं, तरी लावत राहिले. चुलतभावाचा नंबर माझ्याकडं जुनाच होता, तो बंद. वहिनींचा लागेना. गाडी खड्ड्यांतून चालली होती, फोनवरच्या रेषा एकदा दिसत, एकदा जात. शेजारची म्हातारी माझ्याकडं बघून म्हणाली, "काय झालं बाई? घाम किती आला तुला." मी पुन्हा वहिनींचा नंबर लावला.

एकदाची वहिनींची रिंग गेली. त्यांनी उचलला.

"हां ताई. पोचल्या का?"

"दादा कुठंय?"

"रानातच हावोत सगळे. उतरले की हे आत्ता."

"विहिरीत?"

"मंग. भाऊजी वरून आवाज देऊन राह्यले, पण हे बोलंनात. आत घुमतंय म्हणून ऐकू येत नसंल."

मी ओरडले. गाडीतले सगळे वळून बघायला लागले. "वहिनी, ऐका. आत हवा न्हाई. विषारी वायू हाय. कुणाला खाली जाऊ देऊ नका!"

पुढचं मी फक्त ऐकलं. वहिनींनी फोन कानापासून काढला असावा, पण तो चालूच होता. त्यांच्या बांगड्या वाजल्या. मग चुलतभावाचा आवाज आला, जवळूनच.

"वहिनी, दादा आडवा पडलाय खाली! मी उतरतो!"

"थांबा भाऊजी."

"सोडा! सदरा सोडा माझा!"

"न्हाई सोडत. ताई म्हणतात उतरू नका."

"अहो नवरा हाय तुमचा खाली! येड्या झाल्या का? सोडा!"

त्यानंतर नुसती झटापट ऐकू येत होती. काहीतरी फाटल्याचा आवाज आला. वहिनी बोलत नव्हत्या, फक्त मोठ्यानं श्वास घेत होत्या. मी फोनवर ओरडत होते, "दोर हाय का? वहिनी, दादाच्या अंगाला दोर हाय का?" माझा आवाज त्यांच्यापर्यंत जात होता की नाही, कोण जाणे.

मग वहिनींचा आवाज आला, पण माझ्यासाठी नव्हता. "कंबरंचा दोर हाय ना त्यांच्या? तो ट्रॅक्टरला हाय ना? मंग वरूनच ओढा. दोघं मिळून ओढू. तुम्ही खाली गेले तर तुम्हाला कोण ओढंल?"

आणि फोन कटला.

मी गाडी थांबवायला सांगितली. ड्रायव्हरनं आधीच वेग कमी केला होता. माझं ओरडणं त्यानं ऐकलं होतं. तो खाली उतरला, समोरून येणाऱ्या जीपला आडवा उभा राहिला आणि तिच्या ड्रायव्हरला म्हणाला, "या ताईला घनसावंगीला सोड. जल्दी. मधी कुठं थांबू नको." माझं भाडं त्यानं घेतलंच नाही, आणि ते मला फार नंतर आठवलं.

परतीच्या वाटेवर मी फोन लावत राहिले आणि तो लागत नव्हता. मला दादा दिसत नव्हता, तो फाटलेला सदरा दिसत होता. वहिनींची मूठ सुटली असेल तर? चुलतभाऊ अंगानं दांडगा आहे, त्याला धरून ठेवणं सोपं नाही. आणि मूठ सुटली नसेल, पण ती बाईच चुकली असेल तर? दादाला चक्कर आली असेल, पाय घसरून डोकं आपटलं असेल, आणि चुलतभाऊ उतरला असता तर त्यानं त्याला वेळेत वर आणलं असतं, तर? मी इथं जीपमध्ये बसून, एका अनोळखी बाईच्या चार ओळींवर, माझ्या भावाला मदत पोचू दिली नाही असं झालं तर?

घनसावंगीच्या अलीकडं फोन वाजला.

"ताई," वहिनी म्हणाल्या, "श्वास हाय." एवढंच बोलून त्यांनी ठेवला.

सरकारी दवाखान्याच्या दारात मी पोचले तेव्हा शेजारच्या शेतकऱ्याच्या पिकअपमधून दादाला उतरवत होते. ओढताना दगडांवर घासून त्याचा गाल आणि खांदा सोलून निघाला होता. ओठ निळसर झाले होते. डोळे मिटलेले, पण छाती हलत होती. चुलतभाऊ बनियनवर होता. त्याच्या सदऱ्याची पाठ वहिनींच्या हातात तशीच होती. त्यांना ती टाकून द्यायचं सुचलं नव्हतं. नाकाला नळी लावून दादाला पुढं जालन्याला हलवलं. वाटेत त्यानं डोळे उघडले आणि पहिलं काय म्हणाला, तर "माझी चप्पल कुठंय?" चुलतभाऊ तिथंच गुडघ्यावर बसून रडला.

दादाला चार दिवसांनी घरी सोडलं. त्याला खाली पोचल्यापुढचं काहीच आठवत नव्हतं. गोड झोप आल्यासारखं वाटलं, म्हणाला. त्याच आठवड्यात चुलतभावानं बादलीत दिवा ठेवून विहिरीत सोडला. निम्म्याच्या थोडं खाली गेला आणि विझला. "वारं लागलं असंल," दादा काठावरून म्हणाला. पुन्हा पेटवून सोडला. तिथंच विझला. तिसऱ्यांदा कुणी पेटवला नाही. दादा घराकडं निघून गेला. आता त्या विहिरीवर लोखंडी जाळी आहे.

पारव्यांचं मात्र कळलं नाही. बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्रात काम करणारे एक गृहस्थ आमच्या गल्लीत राहतात. त्यांना विचारलं तर ते म्हणाले, वायू तळाला साठतो, कपारी वर असतात; घुबडानं पिल्लं खाल्ली असतील म्हणूनही पारवे जागा सोडतात, सांगता येत नाही. म्हणजे त्या थट्टेच्या उत्तरांत घुबड लिहिणारा कदाचित बरोबरही असेल.

मी त्या बाईला लिहिलं. काय झालं ते सगळं लिहिलं आणि शेवटी विचारलं की तुम्हाला हे कसं माहीत होतं. दोन दिवस उत्तर नव्हतं. मग आलं.

"आमच्याकडे आधी दीर उतरला. तो बोलेना, म्हणून मीच यांना म्हणाले, बघा ना काय झालं. हे उतरले. दोघंही गेले. त्या दिवसानंतर कुठे विहीर हा शब्द दिसला तरी मी वाचते."

पुढच्या वेळी माहेरी गेले तेव्हा मी हे वहिनींना वाचून दाखवलं. आम्ही दोघीच होतो, शेंगा फोडत बसलो होतो. त्यांचे हात थांबले. मला वाटलं त्या म्हणतील, देवासारखी आली बाई. तसं काही म्हणाल्या नाहीत.

"ताई, तुम्हाला म्हणून सांगते," त्या म्हणाल्या. "भाऊजी ओरडले ना, नवरा हाय तुमचा खाली, तवा माझी मूठ सुटलीच व्हती. मनात आलं, जाऊ द्यावं. एकदा सोडलाच मी सदरा. पुन्हा धरला. का धरला ते मलाच सांगता येत न्हाई. हे वर आले, श्वास चालू व्हता, म्हणून गाव मला शहाणी म्हणतंय. न्हाईतर याच गावानं म्हणलं असतं की बायकोनंच मारला. आणि मला तरी काय वाटलं असतं?"

बाहेर दादा चुलतभावाशी मोठ्यानं बोलत होता, कुठल्या तरी बियाण्यावरून. वहिनी त्यांचा आवाज जरा वेळ ऐकत राहिल्या.

"त्या बाईला लिहा," शेवटी त्या म्हणाल्या, "की तिचं काही चुकलं न्हाई. मला तुमचा फोन आला, तिला कुणी केला नव्हता. तेवढंच. लिहा की आत्ताच."

मी शेंगांचे हात पदराला पुसले आणि त्यांच्यासमोरच लिहिलं. वहिनींनी ते दोनदा वाचून घेतलं आणि मगच मला पाठवू दिलं.