सिस्टर बिल्डिंग

गिरिजाताई गजभियेंना दोन गोष्टींचा भारी राग. सुई टोचायच्या आधीच कुणी 'आई गं' केलं की, आणि कुणी मस्कतमधल्या त्यांच्या दार्सैत वस्तीला नावं ठेवली की. पहिली गोष्ट नर्सच्या नोकरीत, जवळच्या रुवीच्या दवाखान्यात, रोजचीच होती, तिथे त्या कानाडोळा करत. दुसरी मात्र पोटच्या पोरीनंच केली, आणि तीसुद्धा घर आवरायच्या दिवसांत.

लेक तृप्ती इंग्लंडमधल्या एका छोट्या गावात शिकत होती आणि सुट्टीच्या दिवशी पाहुण्यांना ते गाव हिंडवून दाखवायची. आईची नोकरी संपली, आता कायमचं नागपूरला जायचं, म्हणून ती सामान बांधायला मस्कतला आली होती. बाबा, म्हणजे देवानंद, घर रंगवून घ्यायला आधीच पुढे गेले होते. बाईसाहेब आल्या त्या फोनमधले फोटो दाखवतच. तिकडे म्हणे जुन्या घरांच्या भिंतींवर गोल पाट्या असतात, या घरात अमुक माणूस राहत होता म्हणून.

"हा कोण गं एवढा मोठा?" गिरिजाताईंनी चष्मा वर केला.

"घड्याळजी. चर्चचं बंद पडलेलं घड्याळ त्यानं चालू केलं."

"अगं बाई! एका घड्याळासाठी भिंतीवर नाव?"

तृप्ती हसली. मग खोक्याला चिकटपट्टी लावता लावता म्हणाली, "निदान काहीतरी राहिलं ना त्याचं! आई, तू इथे एकोणतीस वर्षं राबलीस. आपण निघालो की या दार्सैतमध्ये तुझं काय राहणार? इथे कोण कुणाला लक्षात ठेवतं?"

पोरगी मायेनं बोलली होती, पण ते गिरिजाताईंच्या जिव्हारी लागलं. रागानं त्यांनी सगळी भांडी एकाच खोक्यात कोंबली, चहाच्या पातेल्यासकट.

दुसऱ्या दिवशी दोघी कुरुमच्या बाजारात जाऊन मोठ्या बॅगा घेऊन आल्या. परतताना पांढरी-केशरी टॅक्सी मिळाली. चालवणारा हसन, पंचविशीतला ओमानी पोरगा, हिंदी फर्डी बोलणारा.

"दार्सैत में किधर, खाला?"

"कृष्ण मंदिर के पीछे. लाँड्री के ऊपर."

"अच्छा, सिस्टर बिल्डिंग! ऐसा बोलो ना."

गिरिजाताईंनी लेकीकडे पाहिलं. लेकीनं त्यांच्याकडे. असं नाव दोघींनीही कधी ऐकलं नव्हतं. ऐकणार कुठून? त्या आपल्या कायम मंदिर आणि लाँड्रीच सांगत आलेल्या.

"कौन सी सिस्टर?" तृप्तीनं विचारलं.

"थी कोई, पुराने जमाने की. मेरा बाप भी टॅक्सी चलाता था, उसने यह नाम रखा. सब टॅक्सीवाले बोलते हैं." आणि मग हसन रंगात आला. मोठं वादळ झालं, वादीला, म्हणजे एरवी कोरड्या असणाऱ्या ओढ्याला, पूर आला, तेव्हा ही सिस्टर म्हणे गळ्याएवढ्या पाण्यात पोहत गेली. वीस माणसं ओढून वर आणली, सगळ्यांना आपल्या घरात ठेवून घेतलं. शेवटी त्यानं छातीवर हात ठेवला. "अल्लाह उस पर रहम करे."

"अरे मेल्या!" गिरिजाताई उसळल्याच. "जिंदा हूं मैं! आणि पोहत कसली? मला बादलीतल्या पाण्याची भीती वाटते! पाणी घुटने तक था. माणसं होती सात-आठ, लाँड्रीवाली पोरं आणि दोन टॅक्सीवाले. एक के बाएं पैर में पत्रा घुसा था. टांके लगाते टाइम इतना चिल्लाया, इतना चिल्लाया, कि मैंने ही डांटा उसको!"

हसननं टॅक्सी हळूच कडेला घेतली आणि मागे वळून पाहिलं.

"बाएं पैर में?" तो म्हणाला. "मेरा बाप तो बोलता है, उसने आवाज भी नहीं निकाली."

तिघंही पोट धरून हसले. हसता हसता गिरिजाताईंचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवलेही नाहीत. का लपवावेत? त्यांना आनंद झाला होता, अभिमान वाटला होता, आणि तो शेजारी बसलेल्या लेकीला दिसावा असंही वाटत होतं.

बिल्डिंगखाली पोचल्यावर हसननं बॅगा दुसऱ्या मजल्यापर्यंत वाहिल्या. "शाम को बाप को लेके आता हूं," म्हणाला, "उसको जरा पूछना ही है."

आता पाहुणे येणार, आणि भांडी तर खोक्यात! तृप्तीनं बिर्याणी मागवली. थोड्या वेळानं जेवण आणणाऱ्या पोराचा फोन आला, गल्लीत येऊन चुकला होता बिचारा. गिरिजाताई स्वयंपाकघरात खोक्यातून चहाचं पातेलं उपसत होत्या. 'मंदिर के पीछे' असं लेक सांगेल म्हणून त्या सवयीनं ऐकत राहिल्या.

"सिस्टर बिल्डिंग पूछो, कोई भी बताएगा," तृप्ती ठणकावून सांगत होती. "हां, दूसरा माला. सिस्टर यहीं रहती है. मेरी मां है."