शिट्टीची जागा

आमच्या डोंबिवलीच्या श्रवण मंडळात सात-आठ टाळकी होती आणि प्रत्येकाला वाटायचं की बाकीच्यांना संगीतातलं ओ की ठो कळत नाही. सगळ्यांचंच बरोबर होतं. ऐंशीच्या दशकाचा शेवट होता. रविवारी सकाळी कोणाच्या तरी घरी जमायचं, रेकॉर्ड लावायची, डोळे मिटून मांडीवर ताल धरायचा आणि योग्य जागी 'वा' म्हणायचं. ज्याची 'वा' हुकली तो पुढचा महिनाभर उतरलेल्या तोंडाने फिरायचा.

बाई मी एकटीच. मला दाद द्यायची मुभा होती, बोलायची नव्हती. रेकॉर्ड संपली की पुरुष मतं मांडायचे आणि मी, घर कोणाचंही असो, पोहे वाढायला उठायचे. मला तिथे एकदा तरी बोलायचं होतं. शाळेत भूगोल शिकवणारी, कॉटनची साडी नेसून आणि मोठी टिकली लावून स्वतःला वेगळी समजणारी ती पस्तिशीची बाई आज समोर आली, तर माझी नातसुद्धा तिला हसेल. मी तर हसतेच.

मग अध्यक्षांच्या मेव्हण्याने जर्मनीहून एक रेकॉर्ड आणली. तिकडच्या पाच जणांचा प्रायोगिक जॅझचा अगदी ताजा अल्बम. कव्हरवर पाचही जण आपल्याकडे पाठ करून उभे. ऐकल्यावर कारण कळलं, तोंड दाखवायला जागा नव्हती. ना सूर, ना ताल, सम तर शपथेला नाही. एक जण सॅक्सोफोन पिळायचा, एक जण बहुधा किल्ल्यांचा जुडगा हलवायचा, आणि उरलेले त्यांच्यावर रागावलेले असायचे.

अध्यक्षांनी ठरवलं, वार्षिक कार्यक्रमात ठाण्याच्या हॉलमध्ये हीच लावायची. डोंबिवली कुठे पोचली आहे ते ठाणेकरांना कळू दे. आधी कोणीतरी छोटं निरूपण करायचं. ते म्हणताच एकाला बाळकुमच्या कारखान्यात ओव्हरटाइम लागला, दुसऱ्याचा घसा बसला, तिसऱ्याच्या सासुरवाडीला काहीतरी निघालं.

शेवटी अध्यक्ष मला म्हणाले, "वहिनी, तुम्ही नवं नवं ऐकता. तुम्हीच का नाही बोलत?"

"मी?" असं लाजून म्हणेपर्यंत मी रेकॉर्ड पिशवीत घातलीसुद्धा होती.

ती दुसऱ्या दिवशी परत द्यायची होती, म्हणून टेप करून घेतली. आमच्याकडे टेप करणं म्हणजे रेकॉर्ड प्लेअरच्या स्पीकरसमोर टेपरेकॉर्डर ठेवायचा, लाल बटण दाबायचं आणि घरादाराला दम द्यायचा. मुलांना शेजारी पाठवलं, नवऱ्याला बाल्कनीत. कोणी खोकायचं नाही. एवढा बंदोबस्त करून मी स्वयंपाकाला लागले. निवांत ऐकायला कॅसेट होतीच.

ती मी रोज शाळेतून आल्यावर ऐकली. पहिल्या बाजूला सॅक्सोफोन दारात शेपटी सापडलेल्या मांजरासारखा बराच वेळ ओरडतो आणि एकदम थांबतो. त्या शांततेत दुरून एक शिट्टी येते. धातूची, लांब, वर चढत जाणारी. मग पुन्हा सगळे कोकलायला लागतात. अख्ख्या अल्बममध्ये मला आवडलेली जागा ती एवढीच. तिच्यावर मी चार पानं लिहिली. यंत्रयुगातल्या एकाकी माणसाचा हुंकार, असंही काहीतरी त्यात होतं.

"कसं वाटतंय?" मी नवऱ्याला वाचून दाखवलं.

"शिट्टी चांगली आहे," ते म्हणाले आणि मेथी निवडत राहिले.

हॉलमध्ये मी घसा खाकरून बोलले. म्हटलं, "रसिकहो, त्या शिट्टीची वाट बघा. ती निसटली तर अख्खा अल्बम निसटला म्हणून समजा." लोक सरसावून बसले. रेकॉर्ड सुरू झाली. मांजर ओरडलं, थांबलं. मी इशाऱ्यासाठी हात वर केला.

काहीच आलं नाही. नुसती सुईची खरखर. आणि त्या शांततेत मला तूरडाळ आठवली. लाल बटण दाबून मी आत गेले होते ती कुकर लावायला.

हात वरच राहिला. पुन्हा कधी मला बोलायला उभं करणार नाहीत, एवढंच डोक्यात. तेवढ्यात पहिल्या रांगेतले सिल्कचं जाकीट घातलेले एक गृहस्थ हळूच म्हणाले, "वा." मागून आलं, "क्या बात है." मग डावीकडून "आहाहा". जन्मभर बैठका ऐकलेली माणसं ती. समेला दाद चुकली, असं शेजाऱ्याला कळण्यापेक्षा त्यांनी जीव दिला असता. अध्यक्षांनी तर डोळे टिपले.

"आली?" माजिवड्याहून आलेल्या एका बाईंनी शेजारणीला विचारलं.

"केव्हाच," शेजारीण म्हणाली.

मी हात सावकाश खाली आणून मांडीवर टेकवला, समेवर आल्यासारखा.

कार्यक्रमानंतर ती शिट्टी काळी चारची की काळी पाचची, यावर दोघांची जुंपली. सिल्कचं जाकीट मला म्हणालं, "तुम्ही सांगितलं नसतं तर आमच्या हातून गेलीच होती."

"सरावाने ऐकू येते," मी म्हटलं.

जिन्यात नवऱ्याला गाठलं. "तुम्हाला माहीत होतं?"

"अगं, आपलाच कुकर. रोज ऐकतो."

"मग बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, तू मुद्दाम ठेवलीस. हल्ली चालतं ना तसं, जॅझमध्ये?"

एवढ्यात अध्यक्ष धापा टाकत जिना उतरून आले. एखादी बरी बाई असती तर तिथेच सगळं सांगून मोकळी झाली असती.

"वहिनी, पुढच्या वर्षीही तुम्हीच बोलायचं. मेव्हणा नवीन अल्बम पाठवतोय. नुसते ड्रम, दोन्ही बाजूंना. खरं सांगू का, त्याचं काय करायचं ते मंडळात कोणालाच कळणार नाही."

"मग मीच बरी," मी म्हटलं.