सरांनी सांगितलेलं एक काम

तक्रार करणं ही कला आहे की शास्त्र, यावर वाद होऊ शकेल; पण ती अख्ख्या सिंगापुरात आमच्या पोलिश सरांइतकी दुसऱ्या कुणाला साधलेली नाही, यावर वाद होऊच शकत नाही. या शहरात 'कसे आहात' असं विचारलं की माणसं 'गुड, गुड' म्हणत लिफ्टमध्ये शिरतात. सर लिफ्टचं दार धरून ठेवायचे. आधी डावा गुडघा, मग उजवा, मग विद्यापीठातला थंडगार एसी, मग बाहेरचा उकाडा, मग त्यांच्या देशातली आत्ताची, आधीची आणि बहुधा येणारी सरकारं, असं सगळं क्रमाने सांगून झाल्याशिवाय दार मिटू द्यायचे नाहीत. ऑफिसमध्ये नव्याने लागलेल्या मुलीने एकदा हसून 'हाऊ आर यू, प्रोफेसर?' एवढंच विचारलं आणि बिचारीची जेवणाची सुट्टी त्यात गेली. नंतर ती मला हळूच, इथल्या खास इंग्रजीत म्हणाली, "युवर बॉस सो सॅड, लाह." मी तिला समजावलं की बाई, ते आत्ता आनंदात आहेत. दुःखात असले की ते गप्प बसतात. सरांच्या तोंडून निघणारी सर्वात मोठी स्तुती म्हणजे 'वाईट नाही'. माझ्या पहिल्या शोधनिबंधावर त्यांनी हे दोन शब्द लिहिले तेव्हा मी डोकं धरून बसले होते. शेजारच्या टेबलावरचा मलेशियन मुलगा मात्र उठून माझं अभिनंदन करून गेला. त्याने तिथे चार वर्षं काढली होती.

मी त्यांच्या प्रयोगशाळेत पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरची संशोधक, म्हणून आले. काम म्हणजे समुद्राच्या पाण्यात लोखंड कसं गंजतं ते बघत बसायचं. माझे वडील, म्हणजे आमचे दादा, कोल्हापूरच्या फौंड्रीत भट्टीवर होते, आणि आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी कुणी न विचारताही सांगते आणि सांगताना माझी मान ताठ असते. पहिल्या दिवशी सर पुढे आले, कमरेत वाकले आणि त्यांच्या जुन्या रिवाजाप्रमाणे त्यांनी माझ्या हाताचं चुंबन घेतलं. माझ्या हातात रबरी हातमोजा होता. त्याला ॲसिडचा वास येत होता. सरांनी तोंडही वाकडं केलं नाही. "या, डॉक्टर," म्हणाले. तेव्हापासून बाकी सगळ्यांना ते नावाने हाक मारत आणि मला कायम 'डॉक्टर'. गावाकडे मी अजूनही 'फौंड्रीवाल्याची पोरगी' होते, त्यामुळे हे मला फार गोड वाटायचं. एवढी पदवी घेऊन ती रोज कुणी उच्चारत नसेल तर उपयोग काय?

त्यांचा माझ्यावर विश्वास बसला तो एका भांडणामुळे. महिन्याभरात झालेल्या बैठकीत त्यांनी स्वतःचा एक आलेख भिंतीवर लावून सगळ्यांना मत विचारलं. सगळ्यांना तो सुंदर वाटला. मी म्हटलं, सर, हा चुकीचा आहे, लोखंडाच्या पट्ट्या नीट धुतलेल्याच नाहीत. सरांनी आलेख काढला, पट्ट्या पुन्हा धुतल्या, तीन आठवडे पुन्हा बुडवून ठेवल्या आणि मग माझ्यासाठी स्वतः काचेच्या ग्लासात लिंबाचा चहा करून आणला. पुढे कुणीही कशावरही वाद घातला की ते म्हणायचे, "डॉक्टरांनी पाहिलंय का? पाहिलं असेल तर तसंच आहे."

सर क्लेमेंटीला एका फ्लॅटमध्ये एकटेच राहायचे. उंबरठ्यावरून काही घ्यायचं-द्यायचं नाही, हस्तांदोलनसुद्धा करायचं नाही, हा त्यांचा कडक नियम. हेच नियम आमची आई लावते, पण आईकडे डिलिव्हरीवाले येत नाहीत. सरांकडे पार्सल घेऊन आलेल्या माणसाला बूट काढून आत यावं लागे, आत आला की सपाता घालाव्या लागत, आणि सपाता घातल्या म्हणजे पाहुणा झाला, मग त्याला चहा. विसरलेली छत्री घ्यायला घरी परत आले तर खुर्चीवर बसून दहा आकडे मोजल्याशिवाय पुन्हा बाहेर पडत नसत. मी सोबत असले तर मलाही मोजायला लावत, म्हणजे बस हमखास चुकायची. आणि कोबी! त्यांच्या देशात मीठ लावलेला कोबी बरणीत आंबायला कित्येक आठवडे लागतात म्हणे. इथल्या हवेत तो तिसऱ्या दिवशीच झाकण उडवून बाहेर आला. शेजारच्या चिनी आंटींना वाटलं गॅस गळतोय. त्यांनी दार वाजवलं, सरांनी त्यांनाही आत घेतलं, सपाता दिल्या, बशीभर कोबी वाढला. पुढे आंटी आपली बरणी घेऊन यायला लागल्या.

पण सगळ्यात विलक्षण होतं ते पावाचं. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, आम्ही जेवायला बसलो की शेजारच्या टेबलांवर लोकांनी टोस्टच्या कडा टाकलेल्या दिसत, आणि सरांचा घास अडे. एकदा त्यांच्या हातून पावाचा तुकडा खाली पडला. साठी उलटलेला हा सहा फुटी प्राध्यापक गुडघ्यांच्या नावाने कण्हत खाली वाकला, तुकडा उचलून त्याचा मुका घेतला आणि खाऊन टाकला. ट्रे गोळा करणाऱ्या मावशी बघत राहिल्या. मी विचारलं तेव्हा ते पहिल्यांदाच तक्रारीच्या सुराशिवाय बोलले.

त्यांची आई युद्धाच्या वेळी पाच वर्षांची होती. रशियन सैनिकांनी एका पहाटे तिच्या घरच्यांना मालगाडीत कोंबलं आणि दूर उत्तरेला, बर्फात लाकूडतोडीच्या छावणीत नेऊन टाकलं. तिथे दिवसाचा पाव दोऱ्याने मापून कापत. तिचे वडील तिथेच गेले. मग केव्हातरी सुटका झाली, आणि तिची आई, ती आणि धाकटी बहीण अशा तिघी उपाशीतापाशी इराणमार्गे बोटीने हिंदुस्थानात आल्या. तिथे एका गावाजवळ पोलिश लोकांची मोठी वसाहत होती. पुढची काही वर्षं त्यांनी तिथे काढली. "पहिल्यांदा पोटभर जेवण तिथे," सर म्हणाले. गावाचं नाव त्यांनी उच्चारलं ते मला कळेना. मग त्यांनी कागदावर लिहून दाखवलं. वळिवडे.

मी म्हटलं, सर, वळिवडे आमच्यापासून अर्ध्या तासावर आहे.

सर गप्प बसले. इतके की मी घाबरले. पोलंडचे लोक तिथे राहून गेलेत हे मी लहानपणी उडत उडत ऐकलं होतं, पण ते कुणाची तरी आई असतील असं कधी डोक्यात आलं नव्हतं. मग सरांनी भीतभीत विचारलं, 'लवकर लवकर' हा तुमच्याकडचा शब्द आहे का? त्यांची आई त्यांना शाळेत पिटाळताना हेच म्हणायची. त्यांना तो पोलिशच वाटायचा. वर्गात वापरला तेव्हा बाई बघतच राहिल्या होत्या. त्या दिवसापासून सर प्रयोगशाळेत 'लवकर, लवकर' असं ओरडत फिरायला लागले. मलेशियन मुलालासुद्धा कळायला लागलं.

त्या वर्षी दिवाळीला मी घरी निघाले तेव्हा सरांनी मला खोलीत बोलावलं. आईची धाकटी बहीण, चार वर्षांची, वसाहतीत तापाने गेली होती. कोल्हापूरच्या ख्रिश्चन दफनभूमीत पोलिश लोकांच्या कबरी आहेत, त्यात तिचीही. त्यांच्याकडे नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला सगळा देश कबरींवर मेणबत्त्या लावायला बाहेर पडतो. या बहिणीला मात्र तिच्या माणसांपैकी कुणी कधी मेणबत्ती लावली नव्हती. आई आता नव्वदीकडे झुकली होती आणि दरवर्षी त्या दिवशी एवढंच म्हणायची, की धाकटी अंधारात आहे. सरांनी काचेच्या भांड्यातली लाल मेणबत्ती माझ्यापुढे ठेवली. हे काम ते दुसऱ्या कुणाला सांगू शकत नव्हते. मी म्हटलं, सर, त्यात काय, नक्की लावते.

मी मेणबत्ती घेऊन गेले. आणि लावली नाही. मला कुणी अडवलं म्हणावं तर तसं नाही. मी घरात हा विषयच काढला नाही. पहिल्या दिवशी फराळ, दुसऱ्या दिवशी हायस्कूलमध्ये सत्कार, शाल, नारळ, सिंगापूरहून आलेल्या डॉक्टर ताईंचं मार्गदर्शन. तिसऱ्या दिवशी तर मी कोल्हापुरात होते, चपला घेत होते, वहिनीबरोबर फिरत होते. दिवाळीच्या दिवसांत दफनभूमीत कशाला, असं कुणी विचारलं तर काय सांगायचं, एवढ्याशा विचाराने मी उद्यावर ढकललं. उद्या विमान होतं. मेणबत्ती बॅगेत चिवड्याच्या डब्याशेजारी परत सिंगापूरला आली.

सोमवारी सर वाटच बघत होते. दारात काही विचारलं नाही, आत घेतलं, बसवलं आणि विचारलं, "लागली?"

"लागली, सर," मी म्हणाले. "वारा नव्हता."

वारा होता की नव्हता हे कुणी विचारलं होतं? भर बैठकीत बॉसचा आलेख खोटा पाडणारी मी, आणि एका वाक्यावर थांबताही आलं नाही. सरांनी तिथल्या तिथे आईला व्हिडिओ कॉल लावला. डोक्याला रुमाल बांधलेल्या म्हाताऱ्या बाई पडद्यावर आल्या, सर पोलिशमध्ये भराभर बोलले, त्यात माझं कोल्हापूर ऐकू आलं. बाईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग काहीतरी विचारलं. सर म्हणाले, आई विचारते आहे, तिथे मोठं झाड होतं, आहे का अजून? मी म्हटलं, आहे. बाई माझ्याकडे बघून मराठीत म्हणाल्या, "बरं झालं." इतक्या वर्षांनी त्यांना ते दोन शब्द कुठून सापडले कोण जाणे.

फेब्रुवारीत त्या गेल्या. सर अंत्यविधीला जाऊन आले आणि मला म्हणाले, शेवटच्या दिवसांत आई शांत होती, धाकटीला दिवा मिळाला म्हणून. सांगायची वेळ होती ती तीच. पण आता सांगून कुणाचं भलं होणार, असा शहाणपणा मी स्वतःला शिकवला.

मे महिन्यात सर निवृत्त झाले. पोलंडला परतताना वाटेत कोल्हापूर करायचं त्यांनी ठरवलं, आणि उतरायचं ते आमच्या घरी. मला रजा मिळत नाही असं मी त्यांना सांगितलं. मी मागितली नव्हती. दादांना फोन करून आधी काही सांगावं असं सारखं मनात यायचं, पण आपल्या बापाला काय सांगणार, की मी खोटं बोलले आहे, तुम्हीही बोला?

पुढचं मला वहिनीकडून कळलं. ती शाळेत शिक्षिका आहे, तिनेच दुभाषाचं काम केलं. सरांनी आमच्या अंगणात बसून उन्हाबद्दल तासभर तक्रार केली, दादांनी भट्टीपुढे हे ऊन काहीच नाही असं ऐकवलं, आणि दोघांची गट्टी जमली. संध्याकाळी तिघं दफनभूमीत गेले. कबर सापडली. सरांनी खिशातून मेणबत्ती काढली आणि वहिनीला म्हणाले, डॉक्टरांनी त्यांची कुठे ठेवली होती ते तुमच्या सासऱ्यांना विचारा, मी तिथेच ठेवतो. वहिनीने विचारलं. दादांना यातलं काहीच माहीत नव्हतं. पण पोरीने कबूल केलेलं काम राहिलं असणार, एवढं त्यांनी ताडलं. मग म्हणाले, "तिची काय चूक न्हाई, सायेब. ती येणारच हुती. मीच नगं म्हटलं. दिवाळीचं आमच्यात मातीकडं येत न्हाईत." वहिनीने ते इंग्रजीत सांगितलं. सरांनी मान हलवली, मेणबत्ती लावली आणि दोघं म्हातारे ती नीट पेटेपर्यंत उभे राहिले. परतताना सर गाडीत एक शब्द बोलले नाहीत. गुडघ्यांबद्दलसुद्धा नाही.

रात्री त्यांचा मला फोन आला. गाडी, रस्ते, जेवणातलं तिखट असं सगळं नेहमीसारखं सांगून झालं. मग म्हणाले, "तुमचे वडील फार चांगले आहेत, डॉक्टर. त्यांना खोटं बोलायची सवय नाही." मी सर, सर, म्हणत राहिले. ते म्हणाले, झोपा आता, उद्या पट्ट्या काढायच्या आहेत.

ते अजूनही दर रविवारी मेसेज करतात. बर्फ, पेन्शन, नवा दवाखाना, जुना गुडघा. मला अजूनही डॉक्टर म्हणतात. अमुक बाम पाठव, शेजारच्या आंटींना भेटून ये, अशी कामं मात्र ते प्रयोगशाळेतल्या मलेशियन मुलाला सांगत असतात, ते मेसेज तो मला दाखवतो. गेल्या दिवाळीला निघण्यापूर्वी मी त्यांना लिहिलं, सर, घरी जाते आहे, काही काम असलं तर सांगा. लगेच उत्तर आलं, "काही नाही, डॉक्टर. घरच्यांबरोबर निवांत दिवाळी करा."

मी दादांना घेऊन दफनभूमीत गेले, धाकटीच्या कबरीवर पणती लावली, बराच वेळ तिथे बसले. सरांना कळवलं नाही. फोटोही काढला नाही. पूर्वी माझ्या नुसत्या शब्दावर त्यांचं भागायचं.