पंगतीतला हात

कुरुंदा गावातल्या फोटो स्टुडिओत मी पासपोर्ट फोटोसाठी स्टुलावर ताटकळत होतो, आणि फोटोग्राफर मला सोडून एका म्हाताऱ्याला जुन्या लग्नांचे फोटो दाखवत बसला होता. म्हाताऱ्याचा मुलगा कॅनडात होता आणि आईबापाला तिकडे नेणार होता. मुलाचा जन्मदाखला उशिरा काढलेला, म्हणून व्हिसावाल्यांनी बापलेकाचा एकत्र जुना फोटो मागितला होता. तो आज संध्याकाळपर्यंत पाठवायचा होता.

म्हातारा उजवा अंगठा मुठीत दाबून कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत होता. मुलगा वरातीत नाचताना दिसे, नवरदेवाशेजारी दिसे. बाप कुठेच नव्हता.

"तुमी होते कुठं, काका?" फोटोग्राफर वैतागला.

"पंगतीत वाढून राहिलो होतो. दर लग्नात तेच केलं."

म्हाताऱ्याच्या खिशातला फोन वाजत राहिला. "पोराला काय सांगू?" त्याने मला विचारलं. मी घड्याळाकडे पाहिलं.

मग पंगतीचा एक फोटो आला. मुलगा मांडी घालून बसलेला, आणि त्याच्या पत्रावळीवर बुंदी वाढणारा एक हात. कोपराच्या वरचं काहीच आलं नव्हतं. अंगठा मात्र वाकडा होता.

म्हाताऱ्याने मूठ उघडली आणि तसाच वाकडा अंगठा पडद्याजवळ धरला.

"यात तोंडच न्हाई, काका. चालायचं न्हाई."

"काहून? हात तर बापाचाच हाय ना?"

मी स्टुलावरून उठलो. म्हातारा तिथे ताठ बसला, अंगठा गालाशेजारी धरला आणि म्हणाला, "काढ आता, त्या फोटोसंगं धाडू. तोंड बी येऊ दे, अन् हा बी."