विजयनगर शिकवता शिकवता बाबांची वाचा गेली

मंडळी, हे हॉस्पिटलच्या बाकड्यावरून लिहितेय.

बाबा निवृत्त इतिहास शिक्षक. आज सकाळी ते मला परीक्षेसाठी विजयनगर शिकवत होते. हरिहर-बुक्कांनी पाया घातला, कृष्णदेवरायाच्या काळात वैभव शिगेला पोचलं, असं रंगून सांगत होते. "आणि एवढं साम्राज्य तालिकोटच्या एका लढाईत..." म्हणाले आणि पुढचे शब्द बोबडे झाले. बघते तर तोंड वाकडं, हातातला कप निसटलेला.

"आई, बाबांना बघ गो!" मी ओरडले.

"पित्त असेल, लिंबूपाणी देऊया," आई म्हणाली. क्षणभर मलाही तेच खरं मानावंसं वाटलं. पण पित्ताने तोंड वाकडं होत नाही, म्हणून मी शेजारच्या काकांना गाडी काढायला सांगितलं. आमच्या हातखंब्यापासून रत्नागिरीच्या हॉस्पिटलपर्यंत बाबा माझ्याकडे बघत बोलायची धडपड करत होते. एवढी भीती मला कधीच वाटली नव्हती.

डॉक्टर म्हणाले, "मेंदूत रक्ताची गुठळी होती. वेळेत आणलंत." आता बाबा अडखळत का होईना, बोलतायत.

तोंड वाकडं झालं, जीभ जड झाली, तर घरगुती उपाय करत बसू नका. तुमच्या घरी अशा वेळी गाडी कोण काढणार, ठरलंय का?